रक्त आणि प्लास्टिक : गुठळीचा प्रश्न कुणी सोडवायचा?

शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं. जखम झाली की याच गुणामुळे माणूस वाचतो. डायलिसिसच्या नळीत, हृदयाच्या कृत्रिम झडपेवर किंवा शिरेत घातलेल्या कॅथेटरवर मात्र हाच गुण जिवावर उठतो. रक्ताला मानवेल असं प्लास्टिक बनवण्याचे प्रयत्न साठहून अधिक वर्षं चालू आहेत. ते किती पुढे गेले आणि त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, याबद्दल प्रयोगशाळेत एक सूर ऐकू येतो, वॉर्डात दुसरा. दोन्ही सूर समोरासमोर यावेत म्हणून हा संवाद रचला आहे. मामा जिल्ह्याच्या गावी किडनीविकाराचे डॉक्टर आहेत, भाची पुण्यात पॉलिमरवर संशोधन करते. दोघं कल्पित आहेत, त्यांच्या तोंडची माहिती खरी आहे.

भाची : मामा, तुमच्या युनिटमध्ये डायलिसिस सुरू करताना जवळजवळ प्रत्येकाला हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध देता. नळ्यांचं प्लास्टिक रक्ताला सोसत नाही, म्हणून औषध माणसाच्या अंगात सोडायचं. दोष नळीचा आणि भोग रुग्णाचे! मला हे पटत नाही. सुधारायचं तर प्लास्टिक सुधारायला हवं.

मामा : हेपरिन नसतं तर डायलिसिसच उभं राहिलं नसतं, हे आधी ध्यानात घे. जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समध्ये, काम्पेन गावी, विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंडावर पहिला रुग्ण घेतला. त्यांच्याकडे काय होतं? सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी. तिच्यातून रक्त वाहतं राहिलं ते हेपरिनमुळे. बरेच रुग्ण दगावले, पण १९४५ साली एक बाई त्या यंत्रावर वाचली. रक्ताला मानवणारा पडदा सापडेपर्यंत कोल्फ थांबले असते, तर ती वाचली नसती.

भाची : हेपरिनचं मोल मी नाकारत नाही. पण कालच ज्याचं ऑपरेशन झालंय, किंवा ज्याच्या मेंदूत रक्तस्राव झालाय, असा रुग्ण आला तर काय करता?

मामा : मग हेपरिन टाळतो. दर पंधरा ते तीस मिनिटांनी सलाइन सोडून नळ्या आणि डायलायझर धुऊन घेतो. जेवढं सलाइन आत जातं, तेवढं पाणी पुन्हा काढावं लागतं. टेक्निशियनला रुग्णाजवळून हलता येत नाही. एवढं करूनही डायलायझर गोठला, तर आत अडकलेलं दीड-दोनशे मिलिलिटर रक्त वाया जातं. किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, त्याला हे परवडत नाही.

भाची : आणि थोड्या रुग्णांमध्ये हेपरिनच उलटतं. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, प्लेटलेट घसरतात आणि रक्त पातळ व्हायच्या ऐवजी गुठळ्या वाढतात. शिवाय ते येतं डुकराच्या आतड्यातून. २००८ साली चीनमधून आलेल्या मालात भेसळ निघाली आणि अमेरिकेत माणसं दगावली. एका औषधावर एवढा भार टाकून निश्चिंत राहणं बरं नाही.

मामा : निश्चिंत कुणीच नाही. पण मला हे सांग, प्लास्टिकचं रक्ताशी नेमकं कुठे बिनसतं?

भाची : पहिल्या काही सेकंदांतच. रक्त लागलं की प्लास्टिकवर प्रथिनांचा थर बसतो. त्यानंतर रक्तपेशींची गाठ प्लास्टिकशी पडतच नाही, या थराशी पडते. त्यात अल्ब्युमिन असेल तर प्लेटलेट सहसा चिकटत नाहीत. फायब्रिनोजेन आपला आकार सोडून पसरलं, की प्लेटलेट त्याला धरतात आणि आणखी प्लेटलेट गोळा करतात. हा थरही स्थिर नसतो. लिओ व्रोमन या शास्त्रज्ञानं दाखवलं की रक्तात भरपूर असलेली प्रथिनं आधी जागा धरतात आणि पृष्ठभागाशी घट्ट जुळणारी प्रथिनं मागून येऊन त्यांना हटवतात. एसटीत आधी चढलेल्यानं सीट धरावी आणि रिझर्वेशनवाल्यानं येऊन त्याला उठवावं, तसं. दुसरी वाट फॅक्टर बारा या रक्तातल्या गोठण-घटकाची. परक्या पृष्ठभागाला लागून तो जागा होतो, मग एकामागून एक घटक जागे होत जातात आणि शेवटी फायब्रिनचं जाळं विणलं जातं.

मामा : हे काचेवर फार जलद होतं, प्लास्टिकवर सावकाश. पॅथॉलॉजी लॅबमधल्या कुणालाही विचार. सीरमसाठी लाल टोपणाची प्लास्टिकची नळी वापरतात, तिला आतून सिलिका लावलेली असते. नुसत्या प्लास्टिकमध्ये रक्त गोठायची फार वाट पाहावी लागते म्हणून. मग तू प्लास्टिकला सरसकट दोषी का धरतेस?

भाची : कारण सावकाश गोठणं वेगळं आणि न गोठणं वेगळं. डायलायझरमध्ये दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतू असतात, प्रत्येकाची पोकळी साधारण ०.२ मिलिमीटर. सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग दीड चौरस मीटरच्या घरात. त्यावरून चार तास, मिनिटाला दोन-तीनशे मिलिलिटर रक्त फिरतं. एवढ्या बारीक वाटा बंद व्हायला फार काही लागत नाही.

मामा : बरं, आता ब्लड बॅग घे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी काचेच्या बाटलीच्या जागी पीव्हीसीची पिशवी आणली. फुटायची भीती गेली. एकाच रक्तदानातून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट बंद नळ्यांमधून वेगळे करता येऊ लागले. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं हे तंत्र विकसित केलं आणि १९८० च्या दशकात देशी पिशव्या बनू लागल्या. वैद्यकातलं सगळ्यांत यशस्वी प्लास्टिक कोणतं असं मला विचारलंस, तर मी ब्लड बॅगेकडे बोट दाखवीन. पण तिच्यातलं रक्त गोठत नाही ते सायट्रेटमुळे. गोठायला लागणारं कॅल्शियम सायट्रेट धरून ठेवतं. पिशवीनं पिशवीचं काम केलं, औषधानं औषधाचं. माझं म्हणणं एवढंच, की हे दोन्ही हातात हात घालून चालतं.

भाची : पण त्याच पिशवीत माझं म्हणणंही भरलेलं आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात डीईएचपी नावाचं तेलकट रसायन घालतात. ते रक्तात झिरपतं, आणि म्हणून त्याच्याबद्दल काळजी व्यक्त होते. तेच रसायन तांबड्या पेशींच्या आवरणात शिरून त्यांना फुटण्यापासून वाचवतं, हेही खरं आहे. ते नुसतं काढून टाकलं तर साठवणुकीत जास्त पेशी फुटतात. म्हणजे प्लास्टिक नुसतं भांडं नाही, ते रक्ताशी सतत देवघेव करत असतं. मग ती देवघेव आपण ठरवून का घडवू नये?

मामा : घडवून पाहिलीच आहे की लोकांनी.

भाची : हो, आणि त्यातून हाती बरंच लागलंय. १९६३ साली विन्सेंट गॉट यांनी पृष्ठभागावर ग्रॅफाइट, त्यावर बेन्झाल्कोनियम आणि त्यावर हेपरिन असा थर बसवला. आधी झटपट गोठणारं रक्त त्या पृष्ठभागावर वाहतं राहिलं. पण तो बंध विद्युतभाराचा, म्हणून हेपरिन सुटून जायचं. पुढे १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हेपरिनची साखळी एका टोकानं रासायनिक बंधानं पक्की केली आणि दुसरं टोक मोकळं ठेवलं. त्यामुळे तिथल्या तिथे अँटिथ्रॉम्बिन हे गोठणं रोखणारं रक्तातलं प्रथिन कामाला लागतं. आज हृदयशस्त्रक्रियेच्या आणि एक्मोच्या (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या यंत्राच्या) अनेक सर्किटांना आतून असा लेप असतो.

मामा : आणि तरीही त्या सर्किटवर घेतलेल्या रुग्णाला शिरेतून हेपरिन द्यावंच लागतं. डोस थोडा कमी करता येतो, इतकंच. डायलिसिसमध्येही हेपरिन जोडलेल्या पडद्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. ज्यांना हेपरिन देता येत नाही अशा रुग्णांमध्ये सलाइनच्या नेहमीच्या पद्धतीशी त्याची तुलना केली होती. तो पडदा कमी पडला नाही, पण निर्विवाद सरसही ठरला नाही. महागडी वस्तू घेताना मला याचा विचार करावा लागतो.

भाची : हेपरिन चिकटवणं ही एकच दिशा नाही. पेशीच्या आवरणाची नक्कल करणं ही दुसरी. टोकियोत नाकाबायाशी आणि इशिहारा यांनी एमपीसी नावाचं पॉलिमर विकसित केलं. आपल्या पेशींच्या बाहेरच्या आवरणात असतो तो फॉस्फोरिलकोलिन गट त्याच्या साखळीला जोडलेला असतो. त्याच्याभोवती पाणी असं राहतं की प्रथिनांना बसायला जागाच उरत नाही. आणि तुमचा रोजचा डायलायझर पाहा. पॉलिसल्फोन मुळात पाणी झटकणारं. त्यात पाणी धरणारं पीव्हीपी मिसळलं, तेव्हा कुठे ते रक्तासाठी चालण्याजोगं झालं.

मामा : हे मात्र मी मोकळेपणानं मान्य करतो. सेल्युलोजचे जुने पडदे होते तेव्हा डायलिसिस सुरू झाल्यावर पाव तासात पांढऱ्या पेशी कोसळायच्या. पडदा शरीराची कॉम्प्लिमेंट ही प्रतिकारयंत्रणा चेतवायचा. कुणाच्या छातीत दुखायचं, कुणाला दम लागायचा. नवे पडदे आले आणि हे प्रकार फार कमी झाले. ही सुधारणा औषधानं आलेली नाही, तुम्हा लोकांच्या रसायनशास्त्रानं आली.

भाची : मग पुढच्या सुधारणेवर भरवसा का ठेवत नाही? हार्वर्डच्या वीस (Wyss) संस्थेतल्या गटानं २०१४ साली एक लेप मांडला. घटपर्णीच्या निसरड्या काठावरून कीटक घसरतो, त्यावरून कल्पना घेतलेली. प्लास्टिकला फ्लोरिनयुक्त रेणूंचा थर बांधायचा आणि त्यावर तशाच द्रवाची पातळ साय धरून ठेवायची. रक्ताला घन पृष्ठभाग लागतच नाही. डुकराच्या धमनी-शिरेला जोडलेल्या नळीत आठ तास रक्त वाहिलं, हेपरिनचा थेंबही न देता.

मामा : आठ तास! चांगलंच काम आहे. पण माझा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षानुवर्षं. त्याला मधुमेह असतो, जंतुसंसर्ग असतो, रक्तात युरिया साठलेला असतो. प्रयोगातलं जनावर निरोगी असतं. आणि त्याहून मोठी गोष्ट ऐक. डायलिसिससाठी सगळ्यांत टिकाऊ वाट कोणती? मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडून केलेला फिस्टुला. ब्रेशा आणि चिमिनो यांच्या गटानं तो १९६६ साली मांडला. टेफ्लॉनच्या जातीची कृत्रिम नळी बसवली तर ती लवकर बंद पडते. बायपासमध्येही तेच. सहा मिलिमीटरहून बारीक कृत्रिम नळी भरवशाची नाही, म्हणून सर्जन पायातली शीर काढून हृदयावर लावतात. स्वतःच्या रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, प्रोस्टासायक्लिन सोडतं, हेपरिनसारखी साखळी अंगावर बाळगतं आणि झालेली गुठळी विरघळवायची सोयही करतं. तुझ्या लेपाला यातलं एखादंच काम येतं. माझ्या हातात निधी असता, तर मी तो तालुक्या-तालुक्यात वेळेवर फिस्टुला करून देणारे सर्जन तयार करण्यावर खर्च केला असता.

भाची : करायलाच हवा. पण ज्याच्या शिरा सुया टोचून टोचून निकामी झाल्यात, त्याचं काय? रात्री अकरा वाजता दम लागून आलेल्या रुग्णाचा फिस्टुला तयार व्हायला आठवडे लागतात. तोवर मानेतल्या कॅथेटरशिवाय गत्यंतर नाही. एक्मोवर ठेवलेल्या नवजात बाळाला हेपरिन दिलं तर मेंदूत रक्तस्रावाची भीती, नाही दिलं तर ऑक्सिजनेटर गोठायची. आणि हृदयाची झडप? तिथे तर औषधाचं ओझं जन्मभराचं.

मामा : झडपेवर आलीसच म्हणून सांगतो. चित्रा झडप ही आपल्या देशाची मोठी कमाई. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ती घडली. आधीचे नमुने चाचण्यांमध्ये टिकले नाहीत, चौथा टिकला. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि तिच्यात उघडझाप करणारी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. तेव्हापासून हजारो गरीब रुग्णांना परवडणाऱ्या किमतीत मिळाली. पण चकती प्लास्टिकची असो की दुसऱ्या झडपांसारखी कार्बनची, वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारोल जन्मभर घ्यावंच लागतं.

भाची : आणि त्या गोळीचा खरा भार कुणावर पडतो? संधिवाताच्या तापानं झडप खराब होते ती बहुतेक तरुण आणि गरीब माणसांची. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मेथी-पालक एकदम वाढवली तरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं मोजमाप, हलतो. तपासणीसाठी मजुरी बुडवून तालुक्याला जायचं. बाई गरोदर राहिली तर पहिल्या तिमाहीत हेच औषध गर्भात व्यंग निर्माण करू शकतं. हे सगळं माहीत असताना "औषध आहे ना" एवढ्यावर थांबणं मला जमत नाही.

मामा : मलाही जमत नाही. म्हणून तर आयएनआरची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, बोटाच्या थेंबावर व्हावी असं मी म्हणतो. नव्या गोळ्यांवरही आशा होती. त्यांना आयएनआर लागत नाही. त्यांतलं डाबिगाट्रान यांत्रिक झडपेच्या रुग्णांना देऊन पाहिलं. गुठळ्याही वाढल्या, रक्तस्रावही वाढला. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, २०१३ साली तिचा अहवाल आला.

भाची : म्हणजे औषधाची वाटही अडलेलीच आहे. परका पृष्ठभाग गोठण्याची प्रक्रिया सतत सुरू करत राहिला, तर शेवटच्या टप्प्यावर एकच घटक अडवणारं औषध किती पुरं पडणार?

मामा : प्रक्रिया जिथे सुरू होते तिथे अडवणारं औषध शोधता येईल. जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त काचेच्या नळीत गोठायचंच नाही, तरी त्याला रक्तस्रावाचा त्रास नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ साली त्याची नोंद केली. त्याच्या रक्तात फॅक्टर बारा नव्हता. म्हणजे जखम बंद करायला तो घटक फारसा लागत नाही, पण नळीत रक्त गोठायला लागतो. त्याला किंवा पुढच्या फॅक्टर अकराला अडवलं, तर नळी वाहती राहील आणि माणूस रक्तस्रावानं मरणार नाही. या औषधांवर जोरात काम चालू आहे. सगळ्या चाचण्या यशस्वी झालेल्या नाहीत, पण दिशा मला आश्वासक वाटते.

भाची : मलाही वाटते. आणि इथे आपलं भांडण उरतच नाही. फॅक्टर बाराला न जागवणारा पृष्ठभाग आणि फॅक्टर अकराला अडवणारं औषध एकाच जागी घाव घालतात. सौम्य औषध पुरायला हवं असेल, तर पृष्ठभागानं त्याचं काम हलकं केलं पाहिजे.

मामा : मग तुझ्या प्रयोगशाळेनं एक पथ्य पाळावं. नवं पॉलिमर आलं की ताटलीत ठेवायचं, त्यावर तासभर प्लेटलेट ओतायच्या, किती चिकटल्या ते मोजायचं आणि "रक्ताला मानवणारं प्लास्टिक" म्हणून जाहीर करायचं, हे पुरे झालं. फिरशॉ या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच सांगितलं की गुठळी तीन गोष्टींवर ठरते : वाहिनीची भिंत, रक्ताचा प्रवाह आणि खुद्द रक्त. तुम्ही नुसती भिंत तपासता. प्रवाह धमनीसारखा वेगवान आहे की कॅथेटरच्या टोकाशी साचलेला, यावरून निकाल बदलतो.

भाची : टीका रास्त आहे. आयएसओ १०९९३ मालिकेतला चौथा भाग रक्ताशी येणाऱ्या संपर्कासाठीच आहे. गोठणं, प्लेटलेट, कॉम्प्लिमेंट, पेशी फुटणं, सगळं तपासावं असं तो सांगतो. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियमही आहेत. पण तुम्हीही एक करा. गोठलेला डायलायझर किंवा बंद पडलेला कॅथेटर सरळ कचऱ्याच्या लाल पिशवीत जातो. तो कुठे गोठला, किती वेळानं गोठला, त्या दिवशी रक्तप्रवाह किती होता, याची नोंद कुणी ठेवत नाही. ती नोंद मिळाली तर आम्ही योग्य ठिकाणी हात घालू.

मामा : कबूल. आमच्या युनिटपासून सुरुवात करू.

दोघांचं म्हणणं ताडून पाहिलं की माझं मत असं होतं. कुठल्याही रक्ताला, कुठल्याही ठिकाणी, कितीही काळ चालेल असं एकच प्लास्टिक मागणं चूक आहे. ब्लड बॅगेला ३५ दिवस, डायलायझरला चार तास आणि झडपेला माणसाचं उरलेलं आयुष्य. या तिन्हींना एकच कसोटी लावता येत नाही. म्हणून कोणत्याही नव्या पॉलिमरबद्दल चार गोष्टी विचाराव्यात : तो रक्तात किती वेळ राहणार आहे, तिथला प्रवाह कसा आहे, रुग्ण कोण आहे आणि त्याच्या औषधाचा डोस प्रत्यक्षात किती कमी होतो. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळत नसेल, तर ते संशोधन अजून अपुरं आहे.

याचा अर्थ संशोधन थांबवून सगळा पैसा औषधांकडे आणि तपासण्यांकडे वळवावा असा मुळीच नाही. सेल्युलोजच्या पडद्यापासून आजच्या पॉलिसल्फोनपर्यंतचा प्रवास पॉलिमरवाल्यांनी घडवला आणि त्याचं सुख रोज लाखो रुग्ण अनुभवतात. चित्रा झडपेनं दाखवलं की असं काम भारतात, भारतीय रुग्णाला परवडेल अशा किमतीत होऊ शकतं. आज पॉलिमरच्या पानांच्या झडपांवर काम चालू आहे आणि त्यांच्या चाचण्यांत भारतीय रुग्णही सहभागी झाले आहेत. या कामाला सरकारनं आणि उद्योगांनी दीर्घ मुदतीचा पैसा द्यावा, आणि रसायनशास्त्रज्ञ व डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसावं.

आणि ज्यांच्या हृदयात आज यांत्रिक झडप आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. उद्याचं प्लास्टिक कितीही चांगलं निघालं, तरी तुमच्या छातीतल्या झडपेला आजची गोळी लागते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती एक दिवसही बंद करू नका, आणि आयएनआरची तारीख चुकवू नका.